उलटा हत्ती

८ डिसें., काशीद
...आणि हेच आईला कळत नाही. साहिल काय माझा दुश्मन नाही. पण रविवारी त्याला हरवायचंच. गेल्या वर्षीची बुद्धिबळाची जिल्हा फायनल त्याने मारली, यंदा परत आम्ही दोघंच. अंडर-नाइन्टीन, लास्ट चान्स. जिंकेल तो स्टेटला. तो दोनदा जाऊन आलाय. मी झीरो.

१० डिसें.
सवयीने साहिलच्या होमस्टेच्या पडवीत गेले. सात वर्षं इथेच खेळतोय. प्यादं शेवटच्या घरात पोचून दुसरा वजीर लागला की मेलेला हत्ती उलटा ठेवायचा, तो वजीर. ही आयडिया साहिलचीच. आज बोर्ड काढलाच नाही त्याने. "रविवारी भेटू ना, मॅडम." मॅडम!!
त्याचे पप्पा हसले, "काय गो, लढाय हाय काय तुमची?"
व्हय, हाय.

१४ डिसें., रवि. माणगावहून परत, एसटीत
हरले.
नीट लिहिते, नाहीतर डोकं फुटेल. माझं प्यादं शेवटच्या घरात पोचलं. वजीर झाला की दोन चालीत मात. घड्याळात चाळीस सेकंद. माझा मेलेला वजीर साहिलच्या मुठीत. मारलेली सोंगटी मुठीत घोळवायची सवयच आहे त्याला. मी मागितला नाही. हाताला हत्ती लागला, उलटा ठेवला, घड्याळ दाबलं. त्याने राजा सरकवला. मी उलटा हत्ती तिरका नेला, शह.
त्याने हात वर केला. "सर, हत्ती तिरका चालवला."
पंच सर आले. "उलटा असो नाहीतर सुलटा, हत्ती तो हत्तीच. वजीर हवा होता तर घड्याळ थांबवून मागायचा."
रूल वाचलाय मी. पण हात...
"साहिल, आपण नेहमी असंच..."
तो बोर्डाकडे बघत, "इथे टूर्नामेंट हाय."
चाल मागे. मग त्याच हत्तीने सरळ चालावं लागलं. त्याचं प्यादं पोचलं. खल्लास. शेकहॅण्डसाठी मूठ उघडली तेव्हा वजीर टेबलावर पडला.

१५ डिसें.
बाबांच्या स्टेटसला साहिलचा फोटो. 'गावची शान.' म्हटलं, काढा. "का गो? शेजारचा पोर हाय." जेवले नाही.

१७ डिसें.
साहिल दारात. स्टेटच्या आधी प्रॅक्टिस पायजे म्हणे. "तुझ्याशिवाय हाय कोण इथे?" सॉरी वगैरे काय नाही.
"वजीर मुद्दाम धरून ठेवलेलास ना?"
"येडी हायस काय? सवय हाय माझी."
मग जाता जाता, "तू काय केलं असतंस?"
"गप्प बसले असते." फटकन बोलले.
आता बोर्डासमोर बसलेय. फायनल, लास्ट चान्स, समोरून मात दिसतेय, आणि हा हत्ती उलटा ठेवतो... बसले असते गप्प? माहीत नाही. याचाच जास्त राग येतोय.
उद्या चारला बोलावलंय त्याने. अजून रिप्लाय दिला नाही.
ही पानं तुम्हाला वाचायला देतेय, तर माझी बाजू न घेता सांगा. तुम्ही साहिलच्या जागी असतात, तर हात वर केला असतात?