जावयाची टोपी आणि मेळघाटचा गवा

सदर, नागपूर

चि. केयूरला ताईचे आशीर्वाद, आणि सोबत थोडी चिडचिड. ती वेगळी मागू नकोस.

तू टोरोंटोत खुशाल असशीलच (फोन केला की मीटिंगमध्ये असतोस, म्हणजे तब्येत उत्तम). बाबांच्या काचबिंदूने बाजूचं दिसणं पुरतं खाल्लं आहे. समोरचं तेवढं नळीतून पाहिल्यासारखं दिसतं. तेही दिसणं जायच्या आत एकदा रानगवा पाहायचा, एवढाच त्यांचा हट्ट. तू लगेच मेळघाटची सफारी बुक करून मोकळा झालास. मुलगा असावा तर असा, असं शेजारच्या सिंधूताई म्हणाल्या, माझ्याच हातचा चहा पिता पिता.

अशा माणसाला पुढची सीट द्यावी, हे जंगलातल्या माकडालाही कळेल. पण आपल्याकडे जावई नावाचा प्राणी आहे. आपण लेकीच्या घरी राहतो याची बाबांना रोज उठून लाज वाटते, आणि ती ते जावयाला मान देऊन झाकतात (पहिली गरम पोळी त्यांना, पंख्याचं तोंड त्यांच्याकडे). जिप्सीपाशी पोचताच म्हणाले, "जावईबापू, पुढं तुम्हीच बसा." तुझ्या भाऊजींनी एकदा "नाही, नाही" म्हटलं आणि दुसऱ्यांदा म्हणायच्या आत बसलेसुद्धा. डोक्यावर सफारीसाठी मुद्दाम घेतलेली काळी टोपी, काठावर पापड वाळत घालता येतील एवढी.

घाट चढताना पांगारे लालभडक फुलले होते, मोहाचा वास येत होता. मी बाबांना एकेक सांगत होते, रेडिओवर क्रिकेट सांगावं तसं. आणि एका वळणावर गवा! अगदी समोर, रस्त्याच्या मधोमध, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा.

"चारू, कुठं आहे वं?"

"समोर, बाबा, सरळ समोर."

"हो, हो! काळं, मोठं दिसून राहिलं. वा! काय खांदे आहेत!"

ती टोपी होती.

मी नवऱ्याच्या पाठीत गुद्दा घातला. त्यांना वाटलं, फोटोसाठी उभं राहायला सांगते आहे; ते उभे राहिले. तेवढ्यात समोरून आलेल्या गाडीने वाघाची बातमी दिली. "ताई, तिकडं वाघ बसून राहिला, अन् तुमी गवा काहून पाहता?" म्हणत ड्रायव्हरने जिप्सी फिरवली. वाघ नव्हताच. त्याला पाहायला आलेल्या जिप्स्या मात्र भरपूर दिसल्या.

तुझी ताई,
चारुशीला

ता. क. : बाबा गल्लीभर सांगत फिरतात, "केयूरनं मले गवा दाखवला." मी कोणाचंही बोलणं दुरुस्त केलेलं नाही.

ता. क. २ : आता दुसरं जंगल बुक करू नकोस. डॉक्टर म्हणाले, समोरचंही फार दिवस टिकणार नाही. बुकिंग करायचंच तर तुझं स्वतःचं कर, नागपूरचं, आणि दिवाळीची वाट पाहू नकोस.

ता. क. ३ : बाबा शेजारी बसून विचारताहेत, "एवढं काय लिहून राहिली वं?" म्हटलं, केयूरला ये म्हणते आहे. तर म्हणाले, "त्याले कायले त्रास देते? तो कामात असते."