एकादशी पाळलेला मासा

चिरंजीव चिमाजी यास पिंपरीहून थोरल्या बहिणीचा पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? सूनबाईचा खोकला गेला का? म्हैस दूध द्यायला लागली का? (आधी म्हशीचंच विचारणार होते, पण पत्र वाचताना सूनबाई जवळ बसलेली असेल.) हे पत्र मी माझ्या हातानं लिहिते आहे. इथल्या प्रौढांच्या वर्गाचे मास्तर म्हणतात, आजी, तुमची ओळ खाली घसरते. घसरू दे. विहिरीच्या पायऱ्या समजून तू खाली खाली उतरत वाच.

मी फार आनंदात आहे हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तुला तसं वाटणार नाही. आपला ज्योतीराम, त्याचे आईबाप गेल्यापासून माझ्याच पदराखाली वाढलेला नातू, इथल्या प्रयोगशाळेत नोकरीला लागला, खोली मिळाली, खोलीत विजेचा दिवा आहे, बटण दाबलं की उजेड. नोकरी गेली की खोली गेली, हेही त्याच बटणाचं काम. लोक विचारतात, नातू काय करतो? मी म्हणते, मासे सांभाळतो. मग लोक हसतात. हसेनात का. काचेच्या मोठ्या पेट्या आहेत, त्यांत मासे. कारखान्याचं वापरलेलं पाणी नदीत सोडण्याजोगं आहे का, हे आधी थोडं थोडं त्या माशांच्या पाण्यात घालून बघतात. म्हणजे नदीवरचं संकट आधी ते आपल्या अंगावर घेतात बिचारे. म्हणून तिथल्या मोठ्या बाई, सुमनताई, यांचा कायदा कडक. जे जीव आपल्यासाठी सोसतात त्यांना आपल्या हलगर्जीपणानं वरती आणखी सोसायला लावायचं नाही. कोरड्या हातानं मासा धरायचा नाही, त्याच्या अंगावरचं बुळबुळीत निघून जातं (मी त्याला घाण समजत होते, तो त्याचा अंगरखा निघाला). शेपटीनं उचलायचा नाही. काचेवर टिचक्या मारायच्या नाहीत. नळाचं पाणी शिळं केल्याशिवाय ओतायचं नाही. आपल्या हाताला कापलेलं असेल तर पेटीत हात घालायचा नाही, ते माणसाला बाधतं. ज्योतीराम इतका मऊ झाला की मला आमटी वाढतानासुद्धा सावकाश, कडेकडेनं ओततो.

आता एकादशीचं. दर एकादशीला मी देहूला जाऊन इंद्रायणीच्या डोहात माशांना कणकेच्या गोळ्या घालते हे तुला ठाऊक आहे. या खेपेला कंबर धरली, जाणं झालं नाही. जीव हुरहुरला. मग मनात आलं, अगं वेडे, मासे तर घरचेच आहेत! ज्योतीरामचा डबा घेऊन गेले. तो माझ्यासाठी पाणी आणायला वळला, आणि मी पदरातल्या गोळ्या सगळ्या पेट्यांत सोडल्या. काय सांगू, कसे झेपावले! मला वाटलं, डोहच दारात आला. आनंदानं घरी येऊन वरीचा भात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पेट्यांतलं पाणी ताकासारखं पांढरं, मासे वर येऊन तोंड उघडमीट करताहेत, काही उलटे. एकच गोंधळ. एक साहेब म्हणाले, कारखान्याच्या पाण्यातच विष आहे, ते बंद करा. दुसरे म्हणाले, नळातच आहे, नळ बंद करा. सुमनताईंनी तळातला गाळ बोटावर घेतला, हुंगला आणि म्हणाल्या, "ही तर कणीक आहे. कुणी घातली?" मी डबा घेऊन दारातच उभी. खुशीनं पुढे झाले, "मी घातली बाई, माझ्या हातची!" मला वाटलं, पीठ बारीक दळलंय म्हणून विचारतात.

सगळे पेट्यांकडे वळले, चिमाजी. रागावले असते तर बरं झालं असतं. कणकेनं नासलेलं पाणी बदललं, हवा सोडली, पण बरेचसे जगण्याच्या पलीकडे गेले होते. सुमनताई म्हणाल्या, तडफडत ठेवायचे नाहीत. गुंगीच्या पाण्यात आधी निजवायचे, कल्ले थांबेपर्यंत सोबत बसायचं. ते काम ज्योतीरामचं. हात ओले करून एकेकाला उचलत होता. मी दाराशी बसून पाहिलं. शेवटी चुना टाकून खड्ड्यात पुरले. फाटकावरचा सोनबा मात्र म्हणाला, "काय राव ज्योतीराम, लोकं मासं खाऊन पोट भरत्यात, तुमी माशांस्नी जेवू घालून पोटाला मुकणार दिसताय!"

नोकरी सुमनताईंनी राखली. पण ज्योतीरामच म्हणतो, सोडतो. म्हणतो, हे हात आता पेटीत घालवत नाहीत. वळकटी बांधून ठेवली आहे. मी त्याला चिडवते, हसते, मास्तरांची नक्कल करते. तो नुसता दिव्याचं बटण चालू-बंद करत बसतो.

तुझी आनंदी बहीण,
सगुणाबाई

ता. क. पत्र घेऊन येणाऱ्या भैरूच्या हातात मडकं आहे. ते जपून घे, त्यात मासा आहे. कल्ल्याजवळचा पर फाटला म्हणून ज्योतीरामनं याला आधीच वेगळ्या बरणीत ठेवला होता, आणि उपचार म्हणून उपाशी. सगळ्यांत खरी एकादशी यानंच केली. औषधाचा थेंब याला लागलेला नाही, पण नदीत सोडायचा नाही, तिथल्यांना याचं दुखणं लागेल असं सुमनताई म्हणतात. तुझ्या मळ्यातल्या, बैल पीत नाहीत त्या जुन्या हौदात ठेव. मडकं आधी तसंच पाण्यात बुडवून धर, दोन्ही पाणी सारखं गार झालं की तोंड कलतं कर, तो आपला आपण बाहेर येईल. कणीक नको!

आणखी एक. ज्योतीराम म्हणाला, हा एक जगला तर राहतो. तेव्हा मेला निघाला तरी जगला असंच लिही. तुझं अक्षर मला लागत नाही, पत्र तोच वाचून दाखवतो. पत्र पाकिटातही तोच घालणार आहे, म्हणून ही ओळ मुडपून ठेवते.

मामाआजोबांस साष्टांग नमस्कार. मुडपलेलं उलगडल्याशिवाय कागद पाकिटात जाईना. मी नोकरी सोडत नाही, वळकटी सोडली. आजीनं त्या दिवसापासून भाकरीला हात लावलेला नाही, मी पाहतो तेव्हा तोंड हलवते. मासा जगला की मेला ते मला खरं लिहा. वाचून दाखवताना मी जगला असंच वाचीन.
आपला ज्योतीराम