न बघता केलेल्या सह्या

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू लेकीला घेऊन विमानाने येणार, आणि माझा जीव थाऱ्यावर नाही. मी नोकरीत होतो तेव्हा, विमानं दुरुस्तीला यायची त्या आमच्या हँगरमध्ये एकाने चाकाचे बोल्ट आवळायचे आणि दुसऱ्याने तपासून सही करायची, असा नियम होता. घाई असली की जोडीदार म्हणायचा, "काका, आमच्यावर भरवसा नाय का?" मग मी न बघताच सही ठोकायचो. शेवटी शेवटी तर रोजच. ती विमानं अजून चालू आहेत.

तू बसने ये, असं लिहायला बसलो होतो. पण बसला दोन दिवस लागतात आणि तुझी रजाच तीन दिवसांची. चार वर्षं तुला पाहिलं नाही गं. म्हणून हे पत्र टाकत नाही. सांभाळून ये म्हणायलाही मला तोंड नाही.

तुझी वाट बघणारे,
बाबा