तात्यांची कूस

४ सप्टेंबर
मॅडमच्या केबिनमध्ये चिठ्ठ्या काढल्या. भवानीनगरला 'शिकवायचं' आलं, पळसदेवला 'फक्त मोजायचं'. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जखमा होऊ नयेत म्हणून घरच्यांनी काय करायचं, ते एका गावात सांगायचं. दुसऱ्या गावात तोंडाला कुलूप. मग दोन्हीकडच्या जखमांची तुलना. ही माझी नर्सिंगमधली पीएचडी. मुदतवाढ शेवटची, यंदा काम पुरं झालं नाही तर नोंदणी रद्द. "पळसदेवात एक शब्द बोललीस तर सगळं फुकट," मॅडम. गाइड म्हणून मिळाल्या हे माझं नशीब. शेवटचा पेशंट त्यांनी कधी पाहिला, देव जाणे.

११ सप्टें.
पळसदेव. तात्या धरणाच्या पाण्यात मासे धरायचे, लकव्याने डावी बाजू गेली. सून शालन सगळं करते. घर स्वच्छ, चादर स्वच्छ, माणूस मात्र कायम डाव्या कुशीवर. खाट भिंतीला, समोर दार, आणि तात्यांना भेटायला दिवसभर माणसं. शालन म्हणाली, "आल्यागेल्याकडं पाठ करून कसं निजवायचं? मानसाला काय वाटंल?" तात्यांनी मान डोलावली. डाव्या खुब्यावर लाल डाग. दाबला तरी पांढरा पडेना, म्हणजे सुरुवात झाली. मोजला, लिहिला, चहा प्याले, निघाले.

२० सप्टें.
भवानीनगर. इथे जीभ मोकळी. कारखान्यातून निवृत्त झालेले आबा, त्यांनाही तोंड दाराकडेच हवं. त्यांच्या सुनेला म्हटलं, उशी पायथ्याला ने. आबांना उलटं निजवलं. कूस बदलली, दार समोरच. आबा खूश. बारामतीला येईपर्यंत एसटीत पळसदेवचाच विचार. नको तो.

९ ऑक्टो.
तात्यांच्या डागाची जखम झाली. शालन हळद भरते.
"बाई, बरं हाय न्हवं?"
"लिहून घेते," म्हटलं. हे काय उत्तर झालं?
मॅडमना फोन केला. "अगं, हेच तर हवंय. दोन गटांत फरक नको का दिसायला?" चिडून फोन ठेवला. नंतर आकडे भरायला बसले, आणि फरक खरंच छान दिसत होता. बरं वाटलं. स्वतःशी कशाला खोटं बोलू, बरं वाटलं. इतकी नीच मी कधी झाले?

२३ ऑक्टो.
सकाळी हे म्हणाले, "डॉक्टरीणबाई, आता दारावर पाटी लावू का?" हसू आलं नाही.
पळसदेवात दारातच वास. तात्यांना ताप. शालनने तरी चहा टाकला. 'दवाखान्यात न्या' एवढं म्हणायला कुणी अडवलं होतं? ते शिकवण्यात मोडतही नाही. कॉलेजात विद्यार्थिनींना हेच तर रोज घोकायला लावते मी. पण तात्या दवाखान्यात गेले की माझी शेवटची मोजणी हुकणार. मोजपट्टी लावली, मोजलं, आणि

१ नोव्हें.
काल शालनच्या नवऱ्याचा फोन. तात्या इंदापूरला दवाखान्यात. आज मी तिथे जाऊन आले. डॉक्टर त्याच्यावर खेकसत होते, एवढं होईपर्यंत झोपला होतात का? त्याने माझ्याकडे बोट केलं. रागाने नाही, साक्षीदार मिळाल्यासारखं. "ह्या बाई येत व्हत्या की. बारामतीच्या नर्सबाई. दर खेपंला उघडून बघायच्या. काय बोलल्या न्हाईत, मंजी बरं चाललंय असं आमी धरलं."
डॉक्टर माझ्याकडे वळले. कोण तुम्ही, असं विचारलंही नाही.
बाहेर बाकावर शालनला उशी पायथ्याला न्यायचं सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच व्हय?" मग परत, "एवढंच?" तिने शिव्या घातल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या.

५ नोव्हें.
मॅडमना सगळं सांगितलं. "घरच्यांनी माघार घेतली, असं लिही. एक पेशंट गळाला तर काही बिघडत नाही. खरं लिहिलंस तर एथिक्स समिती सगळा अभ्यासच थांबवेल." आवाज अगदी प्रेमळ. मी म्हटलं, बघते. ह्यांनाही सांगितलं. "एवढी वर्षं घातलीस गं..." म्हणाले आणि टीव्ही लावला.

८ नोव्हें.
शालनचा फोन. जखम हाडापर्यंत गेलीय, डॉक्टर नक्की काही सांगत नाहीत. मला वाटलं, आता ठेवेल. पण म्हणाली, "शेजारची म्हातारी बी तुमच्या मोजणीत हाय. तिची सून काल दवाखान्यात आलती. म्हनली, बाई आमच्यात काय बोलत न्हाईत, मंजी आत्याबाईंचं बरं हाय. मी तिला अजून काय सांगितलं न्हाय. तुमी सांगताय का मी सांगू?"
तिने सांगितलं काय, मी सांगितलं काय, पळसदेव तुलनेतून गेलं म्हणून समजायचं. म्हणजे नोंदणीही गेली. गप्प बस, असंही शालनला सांगता आलं असतं. ते शब्द तोंडात आले होते, देवा.
"उद्या येते," एवढं म्हटलं.
"येऊन काय करताय, ते इचारलं मी," शालन म्हणाली. फोन तिने ठेवला नाही, मीच ठेवला.