हमीपत्राची मागची बाजू

रावपुरा, बडोदे
५ फेब्रुवारी २०२५

चि. नंदूस,
अनेक आशीर्वाद. भास्करराव वकिलांनी तुला धाडलेले जामिनाचे हमीपत्र परत आले. सहीची जागा कोरी आणि मागची बाजू तुझ्या कथेने गच्च भरलेली! कपाळाला हात लावला मी. ही कोर्टात वाचून दाखवायची का, असे वकिलांनी विचारले.

निवडणुकीत दोनदा पडलास, कामगारांसाठी कारखान्याचे फाटक अडवून तुरुंगात गेलास, सगळे सोसले. पण कुणा कुर्द पुढाऱ्याने तुरुंगात कथा लिहिल्या हे वाचून तूही लेखणी उचलावीस? अरे, त्याला कोणी सोडत नसेल म्हणून तो लिहीत बसला असेल. तुला सोडायला तयार आहेत, तर तू लिहीत बसलास!

दुसरे हमीपत्र आणि कोऱ्या कागदांचा दस्ता सोबत आहे. सही अठरा तारखेच्या आत हवी, नाहीतर पुढची सुनावणी थेट एप्रिलात. भेटीच्या जाळीतून ओरडून हे बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

तुझी काळजी करून थकलेली,
मंदाताई

कारागृह, बडोदे
८ फेब्रुवारी

ती. स्व. मंदाताईस,
नंदूचा शि. सा. नमस्कार. पाठकोरा कागद वाया घालवायचा नाही, ही सवय बाबांचीच. आपल्या घरात लग्नपत्रिकेच्या पाठीवरसुद्धा वाणसामानाची यादी असायची.

खरे सांगू? सहीला हात उचलत नाही. खटला संपेपर्यंत नंदेसरीत, कारखान्याच्या आसपाससुद्धा, पाऊल ठेवणार नाही, असे त्यात लिहून द्यायचे आहे. वीस वर्षे त्या फाटकावर उभा राहिलो. आता मांजलपुरातल्या माझ्या सोसायटीच्या बाकावर म्हाताऱ्यांत बसू? कथा कशी वाटली ते मात्र लिही.

तुझा हट्टी,
नंदू

रावपुरा
१२ फेब्रुवारी

चि. नंदूस,
आशीर्वाद. कथा चांगली आहे, म्हणूनच जास्त चीड आली. तिच्यातली बहीण दर मंगळवारी भावाला भेटते आणि हसतमुखाने बडोद्याचा हिरवा लीलो चिवडा घेऊन घरी जाते. साफ खोटे. मी रिक्षात बसते ती रावपुरा येईपर्यंत रडते. रिक्षावाला आता ओळखतो. बेन, पाणी पिओ म्हणून बाटली पुढे करतो.

मी एकाहत्तर वर्षांची आहे. एप्रिलपर्यंत हे मला झेपणार नाही. फाटकावर उभे राहायला दुसरे कोणीतरी मिळेल. मला दुसरा भाऊ नाही.

मंदाताई

कारागृह, बडोदे
१४ फेब्रुवारी

ती. स्व. मंदाताईस,
शि. सा. नमस्कार. हमीपत्र सहीनिशी सोबत आहे. उलटून पाहा, मागे एक अक्षर नाही. बाबांचा नियम पहिल्यांदाच मोडला.

कथेतली बहीण दुरुस्त करायला बसलो होतो. ती रिक्षात बसली आणि पुढे लिहवेना. सोडतील त्या दिवशी त्याच रिक्षाने ये. पाण्याची बाटली त्याच्या हातून मी घेईन.

लोभ आहेच, थोडा रागही राहू दे.
तुझा,
नंदू