समुद्राची व्यवस्था फरासखान्याकडे

मुक्काम धार, आश्विन वद्य तृतीया, शके १८३७, राक्षसनाम संवत्सर
(संवत्सराचे नाव वाचूनच मी सावध व्हायला हवे होते.)

ती. गोपाळराव भाऊजी यांचे चरणी धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे नीलकंठाचा, साष्टांग नमस्कार. (साष्टांग या वेळी कागदावरच घ्यावा. उजवा गुडघा वाकत नाही. कारण पुढे येईल.) येथे आम्ही सर्व जिवंत आहोत, याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही. आपला दमा, अक्काची कंबर आणि देवासचे थोरले-धाकटे दोन्ही दरबार आपापल्या जागी ठीक असतील असे धरून चालतो. चि. भास्करची काळजी करू नये. आपला मुलगा तुर्कांशी चाललेल्या डार्डानेल्सच्या लढाईवर गेला असला तरी तो खेचरांच्या गाड्यांच्या पलटणीत कारकून आहे, बंदूकवाला नव्हे. कारकून बोटीवर बसतो, बोट किनाऱ्यापासून लांब उभी असते, आणि सगळे शांत झाल्यावर मग सामान उतरते. हे मी अक्काला वैशाखात लिहिलेच होते. त्याला त्या नोकरीत चिकटवला मीच, तेव्हा तिथली माहिती माझ्याइतकी कोणाला असणार?

अक्काने भाऊबीजेला बोलावले आहे. या वर्षी येणे होत नाही. का होत नाही ते सविस्तर लिहितो, म्हणजे नीलकंठाला बहिणीची माया उरली नाही असे ती म्हणणार नाही.

आमच्या येथे युद्धनिधीसाठी एक मंडळ निघाले आहे. अध्यक्ष दत्ताजी, निवृत्त रिसालदार. मिशा मात्र अजून नोकरीत आहेत. कोजागरीच्या आदल्या दिवशी गावाबाहेरच्या तळ्यावर जत्रा भरवायची, तिकीट लावायचे आणि साहेबलोकांना काहीतरी दाखवायचे असे ठरले. मी म्हटले दांडपट्टा ठेवा, कुस्त्या ठेवा, मंडप मी घालतो. (फरासखान्याच्या दारोग्याने सतरंज्यांच्या पलीकडे विचार करू नये, आणि मी वीस वर्षांत केलेला नाही.) पण दत्ताजींच्या हातात इंदूरहून येणारे वर्तमानपत्र होते, आणि त्यात आपल्या फौजा समुद्रातून तुर्कांच्या किनाऱ्यावर कशा उतरल्या त्याचे रसभरित वर्णन होते. दत्ताजींनी पत्र खाली ठेवले, चष्मा काढला आणि म्हणाले, हेच करायचे. आता मंडळात आम्ही अकरा जण, आणि त्यातल्या दहा जणांनी समुद्र पाहिलेला नाही. मी मात्र अक्काच्या डोळ्यांच्या औषधासाठी आपण मुंबईला गेलो होतो तेव्हा चौपाटीवर दोन तास आपले जोडे राखीत बसलो होतो. एवढ्या जोरावर समुद्राची सर्व व्यवस्था फरासखान्याकडे आली.

धारला तळी पुष्कळ, पण फौज उतरवण्याजोगी नाव एक नाही. नावा नर्मदेवर, धरमपुरीला. म्हणून मी धरमपुरीला गेलो आणि सहा नावा ठरवल्या. नावाड्यांचा म्होरक्या भगवंत. नावा घाट चढवून बैलगाड्यांवर न्यायच्या आहेत हे ऐकल्यावर तो म्हणाला, "भिया, नाव पानी में चले, पहाड़ पे नी चले." मी दरबारी हुकूम दाखवला. तो त्याला वाचता येत नव्हता, पण शिक्का मोठा होता. मग बारा गाड्या, चोवीस बैल आणि नऊ दिवस. घाटातल्या दोन गावांनी कुठल्यातरी देवीची स्वारी चालली आहे असे समजून नावांना हळदकुंकू वाहिले आणि माझ्या पाया पडले. समुद्रावरची मोहीम आधी डोंगरावरून न्यावी लागते हे वर्तमानपत्रात कुठे छापत नाहीत. नावा पोचल्या तेव्हा भगवंत म्हणाला की लाकूड उन्हाने सुकले आहे, फटी पडल्या आहेत, तीन दिवस पाण्यात बुडवून ठेवा म्हणजे फुगून बसतील. मंडळाने बैठक घेतली. बुडवलेल्या नावा साहेबाला कशा दाखवणार, असा प्रश्न निघाला. तेव्हा नावा रंगवून, झेंडूच्या माळा घालून आठ दिवस माझ्याच शामियान्यात कोरड्या ठेवल्या.

मसलत मोठी गुप्त होती. कोणती नाव कुठे लागणार हे फक्त दत्ताजींना आणि मला ठाऊक. पण लोक तिकीट काढून यायचे तर त्यांना जागा आणि वेळ कळायला हवी, म्हणून तीन दिवस दवंडी पिटली. त्यामुळे गुप्त मसलत सर्वात आधी तुर्कांना कळली. तुर्क म्हणजे कृष्णाजीच्या तालमीतले गडी. हे तुर्कदेखील सहज मिळाले नाहीत, भाऊजी. गावात हरायला कोणी तयार नव्हते. प्रत्येकाच्या पणजोबाने कुठला ना कुठला किल्ला घेतलेला. शेवटी कृष्णाजी कबूल झाला, पण त्याची अट अशी: "पंत, मरायचं तर मरून दाखवतो, पण हारने का काम अपने से नी होगा." मी ती अट मान्य केली. मला वाटले मेला की हरलाच. (युद्धशास्त्रात असे नसते, हे आता कळले.) इकडे आपल्या फौजेत मानपानाचा घोळ. पहिले पाऊल किनाऱ्यावर कोणी ठेवायचे यावरून चार घराण्यांत बोलणे बंद झाले. दुसऱ्यापेक्षा खाली बसणे कमीपणाचे, म्हणून नावेत सगळेच उभे राहणार असे ठरले. उभे राहिले की नाव डोलते हे भगवंताने सांगितले, पण मानपानाच्या बैठकीत नावाड्याला कोण विचारतो?

सहाव्या नावेची कल्पना माझी. पाच नावांत लढवय्ये आणि सहावीत रसद, एक खेचर आणि एक कारकून. भास्करची आठवण म्हणून. देवासला कळवीन, अक्काला बरे वाटेल, असा विचार होता. कारकून व्हायला कोणी मिळेना, म्हणून मीच झालो. खतावणी मांडीवर, डोक्यावर छत्री, शेजारी खेचर.

प्रत्यक्ष दिवशी दुपारी चारला तोफ उडाली, आणि वारा फिरला. पाच नावा जिथे लागायच्या तिथे न लागता थेट धोब्यांच्या घाटाकडे गेल्या. तिथे मांडीपर्यंत गाळ. पहिले पाऊल कोणी ठेवायचे यावरून ज्यांचे वैर होते ते चारही जण एकदम उतरले आणि चौघेही एकदम रुतले. सुकलेल्या फटींतून पाणी वर येत होते, लोक झेंडूच्या माळांनी पाणी उपसायला बघत होते आणि काठावर राजाबाईची चाळीस धोतरे वाळत होती ती स्वारीच्या पायाखाली गेली. राजाबाई धोबीण मोगरी घेऊन धावली. जत्रेत एवढे हसू मी कधी ऐकले नाही. दत्ताजी काठावरून कर्णा लावून हुकूम देत होते, पण नगारे माझ्याच खात्याचे, आणि मी नावेत असल्यामुळे ते थांबवायला कोणी नव्हते.

तुर्कांना गोळ्यांऐवजी गुलालाच्या पुड्या दिल्या होत्या. ज्याला लागेल तो मेला. माझा हिशेब असा की ते पुढच्या नावांवर फेकतील. पण पुढचे तर आपोआपच गाळात अडकलेले. त्यांच्यावर पुड्या वाया कशाला घालवायच्या? कृष्णाजीने सरळ त्यांच्या मागे बघितले. मागे आमची नाव सर्वात जड, सर्वात हळू, आणि मध्ये छत्री उघडलेली. सगळ्या पुड्या आमच्यावर आल्या. भाऊजी, मी ठरवले होते की नाव पुढे न्यावी. पुढे वाट नव्हती. मागे न्यावी, तर खेचर उलट फिरले होते. खाली उतरावे तर पाणी गळ्यापर्यंत. नावेत बसलेल्या माणसाच्या हातात काही म्हणजे काहीही नसते, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हते. दोन महिने मी नकाशे आखले, तपकिरीच्या डब्या नावा म्हणून सरकवल्या, त्यात हे कुठेच नव्हते. खेचराने लाथ मारली ती गुडघ्यावर बसली. मी खाली पाहिले तेव्हा नावेभोवतीचे पाणी लाल झाले होते. गुलालच होता. मीच तो घाऊक आणवलेला. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी त्या लाल पाण्याकडे बघून रडत होतो. चेहऱ्यावर गुलाल असल्यामुळे ते कोणाला दिसले नाही, एवढे बरे झाले.

अर्थात तुर्क जिंकले. लोकांनी कृष्णाजीला खांद्यावर घेतले. जो साहेब पाहुणा म्हणून आला होता तो उठून गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने मला लेखी खुलासा मागितला: आपल्या फौजेचा पराभव दाखवण्यामागे दारोग्याचा हेतू काय होता? मी लिहिले की हेतू विजयाचाच होता. मग दत्ताजी म्हणाले की वर्तमानपत्रासाठी जत्रेची हकीकतही तूच लिही, म्हणजे प्रकरण मिटेल. मी लिहिली. "नावा ठरल्याप्रमाणे किनाऱ्यास लागल्या. किरकोळ अडथळे वगळता मोहीम समाधानकारक रीतीने पार पडली." लिहून झाल्यावर शाई वाळवायला जुने वर्तमानपत्र ओढले, तर त्यात डार्डानेल्सची बातमी, आणि भाऊजी, शब्द जवळजवळ तेच. समाधानकारक. ठरल्याप्रमाणे. किरकोळ. हीच बातमी मी उतरवून अक्काला पाठवली होती आणि तिने ती देवाजवळ ठेवली होती. आता मला कळले की ती कोणी लिहिली असेल. तिकडेही माझ्यासारखाच कोणी एक दारोगा असेल, गुडघा सुजलेला, नोकरी वाचवायची असलेला. त्यालाही साहेबाने खुलासा मागितला असेल.

तर असा प्रकार. गुडघा, खुलासा, परत धरमपुरीला पोचवायच्या सहा नावा (त्यांतल्या दोन उरल्या आहेत), आणि राजाबाईची चाळीस धोतरे, एवढ्या कारणांनी भाऊबीजेला येणे होत नाही, हे अक्काला नीट समजावून सांगावे. भाची चि. विनोदिनीला आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच, तो तुर्कांच्या विजयानंतरही असू द्यावा.

आपला आज्ञांकित,
नीलकंठ

ता. क. अक्कासाठी ओवाळणीचे लुगडे इंदूरला जाणाऱ्या गाडीबरोबर पाठवले आहे. गुडघा कालच बरा झाला. हे तिला सांगू नये. खरे कारण गुडघा नव्हे. ती निरांजन घेऊन समोर बसेल आणि विचारेल, नीलू, भास्कर बोटीवरच आहे ना रे? तिच्या तोंडावर हो म्हणणे मला आता जमणार नाही.

ता. क. दुसरा. हे पान वेगळे काढून फक्त आपण वाचावे. भास्कर बोटीवर नाही. मला आलेल्या शेवटच्या कार्डात त्याने लिहिले होते, "मामा, आम्ही केव्हाच जमिनीवर आलो, रोज खेचरे घेऊन वर मोर्च्यांवर जातो. आईला बोटच सांगा." मी बोटच सांगितली. ते कार्ड इंग्रजी दोन ऑगस्टचे. त्याआधी तो मला दर पंधरा दिवसांनी लिहीत असे. त्यानंतर एकही नाही. आपल्याकडे त्याचे शेवटचे पत्र आले त्यावर तारीख कोणती आहे, एवढेच मला हवे आहे. बाकी सगळे पत्र मी हे विचारण्याचा धीर होईना म्हणून लिहिले.

ता. क. तिसरा. तारीख दोन ऑगस्टनंतरची असेल तर एका कार्डावर नुसती तारीख लिहून टाकावी, मजकुराची गरज नाही. त्याआधीची असेल तर काहीच लिहू नये. धनत्रयोदशीपर्यंत मी टपालाची वाट पाहतो. कार्ड आले नाही तर भाऊबीजेला येतो.