पडद्यावरची चार मिनिटं

मुंबई, १२ मे २००६

ठमाआक्का, तुझ्या धाकट्या भावाचा, सयाजीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

कॅन्सरच्या डॉक्टरांनी इथून तुझ्या मानेवरची गाठ टीव्हीवर चार मिनिटं पाहिली. त्यासाठी तू पाच महिने थांबलीस आणि तालुक्याची एसटी धरायला तळेघरपर्यंत दोन तास चाललीस. तालुक्याच्या दवाखान्यात मुंबईशी जोडलेला टीव्ही बसतोय, थांब, असं मीच म्हणालो होतो. गावभरही मीच सांगितलं, "आक्का मुंबईला जाणार नाय, मुंबईचा डॉक्टरच तिच्याकडं येईल."

डॉक्टर "घाबरू नका" म्हणाले, तेवढंच धर. "सयाजी, जेवलास का रं?" तू विचारलंस आणि तिकडची लाइट गेली. त्यानंतर ते शेजारच्या डॉक्टरांशी हळू काय बोलले, ते राहू दे.

दाजींचा खोकला कसा आहे? म्हैस सूनबाईवर सोपव.

तुझ्या भाकरीवर वाढलेला,
सयाजी

ता. क. गाठ हाताने चाचपूनच कळते म्हणाले. सोमवारी तुला मुंबईला न्यायला येतोय.